आईला सिनियर बिल्डिंगमध्ये घर लागलंय. तिथला रोजचा दिवस कसा असतो?

रेवा_एडिसन
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आई (वय ७३) २०१३ पासून आमच्याकडे न्यू जर्सीत आहे. ग्रीनकार्डावर आली, २०१९ मध्ये सिटिझन झाली. त्या परीक्षेचा अभ्यास तिने माझ्या मुलीला समोर बसवून केला, तो वेगळ्या धाग्याचा विषय. बाबा आधीच गेले होते. २०२० च्या सुरुवातीला भजनातल्या एका गुजराती मावशींबरोबर जाऊन तिने एका सरकारी मदतीच्या सिनियर अपार्टमेंटच्या वेटिंग लिस्टवर स्वतःचं नाव घातलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. दरवर्षी 'अजून यादीत राहायचंय का' असं पत्र यायचं आणि ती गुपचूप सही करून पाठवायची, हे मला आत्ता कळतंय.

गेल्या मंगळवारी पत्र आलं. नंबर लागला. एक बेडरूम, चौथा मजला. दहा दिवसांत हो की नाही कळवायचं.

आईला जायचंय. नवरा म्हणतो त्यांचं त्यांना ठरवू दे. दादा (पुण्यात) दोन दिवस फोन उचलत नाहीये. मला फॉर्म भरायला कोणी शिकवू नका, ते मी बघेन. मला एवढंच सांगा की तिथे माणसं सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत करतात काय? कोणाचे आईवडील राहतात का अशा ठिकाणी?

पुणेरी_टोमणा
अमेरिकेतही घर 'लागतं'? आम्हाला वाटायचं ते फक्त म्हाडाचं. सोडत कोण काढतं, गृहनिर्माणमंत्री का?

झिपरू
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दादा फोन उचलतोय का ते कळवत राहा.

तळ्यातमळ्यात
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एडिसनला तुमचं घर असणार, तीन-चार बेडरूम असणार. आणि आई सरकारी चाळीत. भारतातून हाताला धरून आणायचं, मुलं मोठी होईपर्यंत सांभाळून घ्यायची आणि मग 'तिलाच जायचंय'. असं प्रत्येकाच्या आईला जायचंच असतं हो. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून आई उत्तर देते.

रेवा_एडिसन
@तळ्यातमळ्यात, राग नाही मानला. पण घर दोन बेडरूमचं टाउनहाउस आहे आणि आई गेली बारा वर्षं माझ्या मुलीच्या खोलीत झोपते. मुलगी आता पंधराची आहे. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

सदूकाका_७८
रेवा, मी नऊ वर्षं अशाच इमारतीत राहतो आहे, तुझ्याच राज्यात. गाव सांगत नाही, इथे माझा जावईही वाचतो. टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

सकाळपासून सांगतो. आमच्या दाराच्या मुठीला अडकवायला एक पुठ्ठ्याचा टॅग आहे. रात्री झोपताना बाहेर लावायचा, सकाळी दहाच्या आत काढायचा. दहानंतर मजल्यावरचा स्वयंसेवक फेरी मारतो. टॅग दिसला की दार वाजवतो, उत्तर नाही आलं तर ऑफिसला कळवतो आणि ते किल्ली घेऊन येतात. आमच्या मजल्याचा स्वयंसेवक मी. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला ही पहिली बढती मिळाली. एसटीत बत्तीस वर्षांत मिळाली नव्हती.

मग खाली पत्रपेट्यांपाशी. टपाल येतं दुपारी एकला, लोक साडेअकरापासून खुर्च्या धरून बसतात. पत्रं कोणाला येतात आता? औषधांच्या जाहिराती आणि मेडिकेअरची (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) 'हे बिल नाही' असं लिहिलेली बिलं. पण बसायला कारण लागतं. मंगळवारी गावाची बस दुकानात नेते, पिशव्या किती आणायच्या त्यावर बंधन आहे, तांदळाची वीस पौंडांची गोणी ड्रायव्हर चढवू देत नाही. गुरुवारी कम्युनिटी रूममध्ये बिंगो, म्हणजे आपली हाऊजी. बक्षीस म्हणून टॉयलेट पेपर, साबण, कधी केळी. हसू नका, केळ्यांवरून भांडणं झालेली आहेत.

आता स्वयंपाक. राहायला गेलो त्याच महिन्यात आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, सुकी मिरची जरा जास्त लाल झाली आणि छतावरचा अलार्म कोकलायला लागला. तो अलार्म फक्त घरातल्या घरात वाजतो, थोड्या वेळाने गप्प बसतो. हे मला माहीत नव्हतं. मी शहाणपणा करून धूर जावा म्हणून कॉरिडॉरचं दार उघडलं. कॉरिडॉरचा अलार्म अख्ख्या इमारतीचा असतो. सहा मजले खाली उतरले. गाउनवर कोट चढवलेल्या बायका, वॉकर, एका कोरियन आजोबांच्या हातात मांजराचा पिंजरा, बाहेर बर्फ आणि दोन बंब. हेल्मेट घातलेला एक सहा फुटी पोरगा माझ्या पातेल्यात डोकावून विचारतो, हे काय आहे? म्हटलं, लेंटिल सूप. तेव्हापासून या इमारतीत माझं नाव मिस्टर सूप.

तर नियम पहिला: धूर झाला तर खिडकी उघडायची, पंखा लावायचा, दार कदापि नाही. आईला हे लिहून दे.

बाकी उद्या. डोळे दुखतात.

चकलीचा_सोऱ्या
मिस्टर सूप =)) काका, रोज लिहा.

कोकणकडा
रेवाताई, ही घरं कोणाला मिळतात? माझे सासूसासरे पुढच्या उन्हाळ्यात व्हिझिटर व्हिसावर येतायत, नाव घालून ठेवलं तर?

भोचक_भवानी
@कोकणकडा, व्हिझिटरचा नाद सोडा. निदान ग्रीनकार्ड पाहिजे.

मी एका काउंटी ऑफिसात काही वर्षं फॉर्म तपासायचं काम केलंय, म्हणून थोडं लिहिते. रेवाताईंनी नको म्हटलंय, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

'सिनियर बिल्डिंग' या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक प्रकार सेक्शन २०२ चा. १९५९ च्या हाउसिंग अ‍ॅक्टपासूनचा, केंद्राच्या हड (घरबांधणी) खात्याचा पैसा, बहुतेक वेळा चर्च किंवा तसली एखादी ना-नफा संस्था चालवते. वय ६२ च्या वर आणि उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी. यात भाडं तुमच्या उत्पन्नावर ठरतं. औषधपाणी वगैरेची ठरलेली वजावट करून जे उरेल त्याच्या ३० टक्के. उत्पन्न घटलं तर भाडंही घटतं.

दुसरा प्रकार टॅक्स क्रेडिटचा, १९८६ च्या करसुधारणेतून आलेला. बिल्डर खाजगी, त्याला करात सूट, बदल्यात भाडं बाजारापेक्षा कमी ठेवायचं. पण ते भाडं घरावर ठरलेलं असतं, तुमच्या खिशावर नाही. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात, तीच लॉबी, तीच प्लास्टिकची फुलं. आमच्याकडे माणसं टॅक्स क्रेडिटचं पत्र घेऊन आनंदाने यायची आणि भाड्याचा आकडा बघून रडायची. पत्र हातात आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा.

आणि दरवर्षी सगळी कागदपत्रं पुन्हा. बँकेची स्टेटमेंट, पेन्शन, भारतातली एफडी, भारतातला फ्लॅट, सगळं सांगावं लागतं. 'तिकडचं कोणाला कळतंय' हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यातल्या दोघांना पुढे पैसे परत भरताना पाहिलंय. एसएसआय (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना केंद्राकडून मिळणारी महिन्याची मदत) घेत असाल तर आणखी सांभाळा, एकट्या माणसाला दोन हजार डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही.

चकलीचा_सोऱ्या
खात्याचं नाव खरंच 'हड' आहे? आमच्याकडे कुत्र्याला म्हणतात. 'घर हवंय?' 'हड.'

भोचक_भवानी
@सोऱ्या, यादी बंद असताना फोन केलात तर उत्तर साधारण तेच मिळतं.

पुणेरी_टोमणा
म्हणजे सोडत नाहीच तर.

भोचक_भवानी
काही ठिकाणी असते की. यादी उघडली की हजारो अर्ज येतात, मग सोडत काढून क्रम लावतात. तुमच्या म्हाडासारखंच, फक्त टीव्हीवर दाखवत नाहीत. आणि नंबर यायच्या आधी पत्ता बदललात आणि कळवलं नाहीत तर नाव उडतं. रेवाताईंच्या आईंनी दरवर्षी ते पत्र परत पाठवलं म्हणून आज हा धागा आहे.

सिंगापूरकर
आमच्याकडचं सांगतो. इथे सरकारी घरं ही गरिबांची भानगड नाहीच, बहुतेक सगळा देश एचडीबीच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) घरांत राहतो. ज्येष्ठांसाठी छोटे फ्लॅट कमी मुदतीच्या लीजवर मिळतात, १५ ते ४५ वर्षं. अट अशी की तुमच्या वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत पुरेल एवढी लीज घ्यायची. सरकारच आशीर्वाद देतं म्हणा ना, शतायुषी व्हा, पाच कमी.

आमच्या घराजवळच कम्पोंग अ‍ॅडमिरल्टी आहे. ज्येष्ठांची १०४ घरं, खाली हॉकर सेंटर (खाण्याच्या स्टॉलांचं), मध्ये दवाखाना, वर पाळणाघर आणि गच्चीवर बाग. २०१८ मध्ये त्याला जगातली त्या वर्षीची सर्वोत्तम इमारत म्हणून बक्षीस मिळालं. आर्किटेक्ट लोक फोटो काढायला येतात. आजोबा लोकांना त्याचं काही नाही. ते खाली कॉफी घेऊन बसतात आणि समोरून जाणाऱ्या सगळ्यांवर शेरे मारतात. आपला पारच, फक्त वातानुकूलित दवाखान्याखाली.

नाशिकचा_गडी
वाचून हेवा वाटला. आपल्याकडे 'परवडणारं' आणि 'ज्येष्ठांसाठी' हे दोन शब्द एका जाहिरातीत शोधून दाखवा. पुण्यात सिनियर लिव्हिंगचे फ्लॅट आहेत, पण ते घ्यायला आधी जुना फ्लॅट विकावा लागतो आणि वर महिन्याचा मेंटेनन्स. दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रम. मधल्या माणसाला काय? ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असं निवासस्थान असावं म्हटलंय. तेही निराधारांसाठी. माझे वडील निराधार नाहीत, तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचे आहेत. गुडघ्यांमुळे दोन महिन्यांत खाली उतरलेले नाहीत. सोसायटी रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा घेते आहे, २०१६ पासून.

झिपरू
रीडेव्हलपमेंटवर आलात! आता धाग्याचं काश्मीर होणार.

(पुढचे अकरा प्रतिसाद रीडेव्हलपमेंट, कॉर्पस फंड आणि 'बिल्डर पळून गेला' यावर होते. ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. - अ‍ॅडमिन)

लंडनची_मावशी
अ‍ॅडमिन, धन्यवाद. आता मूळ विषय.

इकडे याला शेल्टर्ड हाउसिंग म्हणतात, कौन्सिलचं किंवा हाउसिंग असोसिएशनचं. माझ्या नणंदेच्या सासूबाई तिथे आहेत. घराघरात एक लाल दोरी लोंबत असते, ओढली की मदतीच्या केंद्राला फोन लागतो आणि भिंतीतून आवाज येतो, 'आर यू ऑल राइट, डार्लिंग?' सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं देवच इंग्रजीत बोलला.

महत्त्वाचं म्हणजे ती दोरी जमिनीपर्यंत मोकळी लोंबायला हवी. पडलेला माणूस हात वर करून ओढू शकत नाही. आणि आपले मराठी पाहुणे काय करतात? केर काढताना मध्ये येते म्हणून गाठ मारून वर अडकवतात. मी स्वतः तीन घरांतल्या गाठी सोडल्या आहेत, त्यातली एक माझ्या भाचीनेच बांधलेली. इकडे बाथरूमच्या दिव्यालाही दोरीच असते, पांढरी. संध्याकाळी चष्मा नसला की लाल-पांढरं एकच. मग भिंतीतून डार्लिंग.

तळ्यातमळ्यात
सगळ्या सोयी मान्य. दोऱ्या मान्य, टॅग मान्य. पण माझा मुद्दा कोणी खोडलेला नाही. टॅग काढला का ते बघायला मजल्यावरचा परका माणूस येतो. आपल्या घरी आई सकाळी सातला उठली नाही तर आपल्याला कळतंच ना?

भोचक_भवानी
@तळ्यातमळ्यात, तुम्ही सातला घरी असता?

तळ्यातमळ्यात
सहा चाळीसची ट्रेन असते. पण बायको असते.

भोचक_भवानी
अच्छा, बायको असते. :)

शांत_कोपरा
सहसा लिहीत नाही, वाचनमात्र असते. आज लिहिते.

माझे बाबा अशाच इमारतीत गेले. झोपेत. सकाळी टॅग काढला नव्हता, सव्वादहाला त्यांच्या मजल्यावरच्या एका पोर्तोरिकन बाईंनी दार वाजवलं. मला अकराच्या आत फोन आला. त्याच्या आधी तीन वर्षं ते आमच्याकडे होते. तेव्हा एकदा ते बेसमेंटच्या जिन्यात पडले, सकाळी नऊला. मी ऑफिसातून संध्याकाळी सहाला आले. नऊ तास. फोन वर चार्जिंगला होता. शेजारपाजाऱ्यांना हाक ऐकू जाईल अशी आमची घरं नाहीत, मधे लॉन आहे.

घरात माणसं राहतात म्हणजे घरात माणूस असतो असं नाही, एवढंच सांगायचं होतं. बाबांच्या जाण्याच्या तिसऱ्या दिवशी त्या बाईंनी भात आणि राजम्यासारखं काहीतरी आणून दिलं आणि बाबांचा टॅग. तो माझ्याकडे आहे.

कोकणकडा
_/\_

सदूकाका_७८
शांत_कोपरा, वाचलं. माझी फेरी आज पाच मिनिटं लवकर सुरू केली.

रेवा, उरलेलं लिहितो. सगळं गोड आहे असं वाटायला नको. तीन गोष्टी खटकतात.

भांडणं. लॉन्ड्री रूममध्ये आठ मशीन, चालू असतात पाच. कोणाचे कपडे संपून दहा मिनिटं मशिनीत राहिले तर पुढच्याने बाहेर काढावे की नाही यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत, बायडन-ट्रम्पपेक्षा कडवे. हिंगाच्या वासाची तक्रार माझ्यावर झाली. तक्रार करणारे तेच मांजरवाले कोरियन आजोबा. मी गेलो भांडायला, त्यांनी दार उघडलं, आतून किमचीचा असा भपकारा आला की दोघंही हसलो. तेव्हापासून त्यांची तक्रार नाही आणि माझीही नाही. त्यांना लिंबाचं लोणचं भयंकर आवडतं. पथ्य आहे म्हणून सून देत नाही, मी देतो. बोलायला भाषा नाही. रोज दुपारी एक डाव पत्ते खेळतो, त्यांचे नियम मला अजून कळलेले नाहीत, मी रोज हरतो.

दुसरं म्हणजे भारतात जाणं. पूर्वी मी थंडीत तीन महिने साताऱ्याला जायचो. आता एसएसआय आहे. सलग तीस दिवस देशाबाहेर राहिलं की ते थांबतं, परत आल्यावर पुन्हा तीस दिवस इथे काढल्याशिवाय सुरू होत नाही. इमारतीचाही नियम आहे, साठ दिवसांच्या वर घर बंद ठेवता येत नाही. म्हणून अठ्ठावीस दिवसांत जाऊन येतो. जेट लॅग उतरेपर्यंत बॅग भरायची वेळ. बहिणीच्या नातवाच्या मुंजीला गेलो, लग्नाला नाही जमायचं.

तिसरी अ‍ॅम्ब्युलन्स. आठवड्यातून दोनदा तरी खाली लाल दिवे दिसतात. सगळे खिडकीतून मजले मोजतात. कोणाकडे, ते संध्याकाळपर्यंत कळतं. माणूस परत येतो किंवा लॉबीत टेबलावर फोटो आणि फुलं येतात. नऊ वर्षांत मी त्या टेबलाला सरावलो नाही. लिफ्टमधून उतरताना आधी तिकडे बघतो, रिकामं असलं की मग टपाल.

आणि तळ्यातमळ्यात, तुम्ही चांगल्या घरातले दिसता, आईवडिलांची काळजी असणारे. मुलाने मला काढलं नाही हो. मुलाच्या घरी मला काही कमी नव्हतं. नातवंडं लहान होती तोवर कामही होतं. शाळेची बस, वरणभात, पाढे. ती मोठी झाली, त्यांनी खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली आणि मी दिवसभर खिडकीतून एक गाडी जाते का ते बघायचो. ड्रायव्हिंग येत नाही, फुटपाथ नाही. शनिवारी मुलगा विचारायचा, 'बाबा, कुठे जायचंय?' आठवड्यातून एकदा विचारलं की माणूस 'कुठे नाही' म्हणतो. आता त्याला मी फोन करून सांगतो, रविवारी ये, शिकरण करतो. तो येतो. पाहुण्यासारखा येतो, चपला नीट काढतो. मला गंमत वाटते.

पुणेरी_टोमणा
काका, टोमणा सुचत नाहीये. नोंद घ्यावी.

चकलीचा_सोऱ्या
शिकरणीला फोडणी लागत नाही हे बरंय.

खमंग_ढोकळा
अवांतर: आमच्याकडे सासूबाई अडल्ट डे केअरला जातात. सकाळी व्हॅन न्यायला येते, तिथे चहा, रक्तदाब, आरती, डाळभात, गरबा, दुपारी परत. सगळं मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्यावर. आमचा मुलगा म्हणतो, 'आज्जीची शाळा'. सुट्टीच्या दिवशी त्या त्याच्यासारख्याच कुरकुरतात. तुमच्या आईंच्या इमारतीखाली अशी व्हॅन थांबते का बघा, बहुतेक ठिकाणी थांबते.

आणि दुपारचं जेवणही. ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्टखाली साठीवरच्या कोणालाही सिनियर सेंटरला जेवता येतं, पैसे ऐच्छिक. आमच्या सेंटरला आठवड्यातून दोनदा भारतीय शाकाहारी असतं. भात मऊ, आमटी गोड. अमेरिकेत काय किंवा कुठे काय, आपला स्वयंपाकी गुजरातीच.

भोचक_भवानी
घर बघायला जाल तेव्हा एक विचारा. वीज गेली तर जनरेटरवर लिफ्ट चालते का फक्त कॉरिडॉरचे दिवे? २०१२ मध्ये सॅंडी चक्रीवादळ आलं तेव्हा वरच्या मजल्यांवर पाणी आणि औषधं जिन्याने पोचवणाऱ्यांत मीही होते. चौथा मजला चढून बघा, एकदा.

रेवा_एडिसन
सगळ्यांचे आभार. दोनदोनदा वाचून काढलं, आईलाही मोठ्याने वाचून दाखवलं. शांत_कोपरा, तुमचं वाचताना थांबावं लागलं.

काल घर बघून आलो. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवालंच आहे, भवानीताई, पहिला प्रश्न तोच विचारला. जनरेटरवर दोनपैकी एक लिफ्ट चालते. जिना मी चढले, आई नाही. ती म्हणाली, 'लिफ्ट बंद पडेल त्या दिवशी मी वरच बसेन, मला कुठे ऑफिस आहे?'

आईने घर कसं बघितलं ते सांगते. मी बाथरूमचे दांडे, शॉवरची पायरी, खिडकीची कडी बघत होते. ती सरळ ओट्यापाशी गेली आणि हात टेकून उभी राहिली. आमच्या घरचा ओटा तिला उंच पडतो, पोळ्या लाटताना ती पाटावर उभी राहते. मला वाटायचं ती सवय आहे. इथला ओटा बुटका आहे. तिने नुसतेच, हवेत, दोन लाटणी फिरवल्यासारखे हात केले आणि 'हं' म्हणाली. मग देव कुठे बसतील ते ठरवलं, कपाटाचा वरचा खण, पूर्वेकडची भिंत. ऑफिसातली बाई काही वेळ आमच्याकडे बघत राहिली.

मग आई बाथरूममध्ये गेली आणि दिवा लावायला दोरी ओढली.

मावशी, लाल होती. भिंतीतून डार्लिंग नाही आलं, पण खालून मेंटेनन्सचा माणूस धापा टाकत चौथ्या मजल्यावर आला. मी घड्याळ बघितलं, तीन मिनिटं. आईने त्याला सॉरी म्हटलं, पाणी द्यायला घर रिकामं, म्हणून पर्समधली श्रीखंडाची गोळी दिली. गाडीत बसल्यावर म्हणाली, 'बघितलंस? येतात.' मला अजूनही शंका आहे की तिला तो दिवा नाही हे माहीत होतं.

दादाने फोन उचलला. आधी 'लोक काय म्हणतील' झालं, मग आईने फोन घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं. काय बोलली माहीत नाही. वीस मिनिटांनी दादाने मला मेसेज केला, 'तिला चांगला कुकर घेऊन दे. शिट्टीने अलार्म वाजतो का विचार.'

लंडनची_मावशी
गाठ मारू नका म्हणजे झालं.

तळ्यातमळ्यात
माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण काल रात्री आमच्या आईला विचारलं, ओटा उंच पडतो का. पडतो म्हणाली. अकरा वर्षं झाली घर घेऊन.

झिपरू
@तळ्यातमळ्यात, मग सुतार बघा, धागा काढा.

सदूकाका_७८
रेवा, कुकरच्या शिट्टीने वाजत नाही, वाफ थेट अलार्मखाली गेली तर वाजतो. शेगडीवरचा पंखा आधी लावायचा, मग कुकर. पापड भाजायचे नाहीत, तळायचे. सर्व्हिस कोऑर्डिनेटर म्हणून एखादी बाई असेल, तिच्याशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून ठेव, निम्मे फॉर्म तीच भरून देते.

एक राहिलं. तुझ्या आईंना लॉन्ड्रीचा वार ठरवायच्या आधी दोन आठवडे नुसतं बघायला सांग. आमच्याकडे सोमवार सकाळ पोलिश बायकांची आहे. कुठे लिहिलेलं नाही. मी गेलो होतो एकदा.